रंग गेलेलं पाणी

"आधी वास घ्यायचा, मग तपासणीचे आकडे बघायचे. आकडा दुपारी येतो, नाक सकाळीच सांगतं."

थोरले साहेब निवृत्त होताना तिला एवढंच सांगून गेले होते. खुर्ची, कपाटाच्या किल्ल्या आणि 'पर्यावरण व्यवस्थापक' ही दारावरची पाटी मागे ठेवून गेले, पण शिकवण म्हणाल तर ही एकच. तेव्हापासून तिने नेम मोडला नव्हता. गिरणीच्या फाटकातून आत आलं की केबिनकडे वळायचं नाही, चहा घ्यायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. सरळ मागच्या अंगाला हौदावर जायचं, कठड्याला हात टेकायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचा. पंपवाला सुरुवातीला हसायचा. मॅडम हौदाला नमस्कार करतात, असं त्याने सगळ्या पाळ्यांत पसरवलं होतं. पुढे तोही तेवढा वेळ हातातलं काम थांबवून गप्प उभा राहू लागला.

गिरणी कापड रंगवायची. रंगवून, धुऊन, पिळून उरलेलं सगळं पाणी या हौदात यायचं. हौदात तपकिरी गाळ घुसळत असायचा. गाळ म्हणायचं, पण तो जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्यात पाण्यातली घाण खाऊन राहतात. खालून हवा सोडायची, वरून घाण, हेच त्यांचं अन्नपाणी. ते सुखात असले की हौदाला कुंडीतल्या भिजल्या मातीचा वास येतो. त्यांचं काही बिनसलं की तिला घरी गेल्यावरही जेवण जात नसे.

त्या दिवशी मातीचा वास आला नाही. पांढऱ्या चादरी धुऊन दोरीवर टाकल्यावर यावा तसा आला. स्वच्छ, नाकात टोचणारा.

तिने डोळे उघडले. हौदाचा रंग उतरला होता. कालपर्यंत दाट तपकिरी असलेलं पाणी राख कालवल्यासारखं फिकट झालं होतं आणि कडेने पांढरा फेस जमला होता. तिने काचेच्या उभट भांड्यात पाणी घेतलं आणि कठड्यावर ठेवलं. रोज बघता बघता गाळ तळाशी बसायचा आणि वर नितळ पाणी उरायचं. आज काही बसेना. कण सुटे सुटे होऊन तरंगत राहिले. ती उन्हात तशीच उभी राहून बघत होती. भांडं उचलायला गेली तेव्हा काच तापली होती.

"यात कुणी काय घातलं?" तिने विचारलं.

पंपवाला म्हणाला, त्याला खरंच माहीत नाही. संध्याकाळच्या पाळीला तो नव्हता. मात्र सकाळी आल्यावर त्याने शेवटच्या टाकीत डोकावलं तर पाणी काचेसारखं. नितळपणा बघायला तळाशी ठेवलेली चकती दिसत होती. त्याला वाटलं, आज मॅडम खूश होतील.

ती तडक शेवटच्या टाकीजवळ गेली आणि ओढ्याकडे जाणाऱ्या झडपेचं चाक दोन्ही हातांनी फिरवायला लागली. गंजलेलं चाक हलेना. पंपवाला पुढे आला. दोघांनी मिळून ते बंद केलं तेव्हा तिच्या तळहाताचं कातडं सोलवटून निघालं होतं.

उन्हाचे दिवस होते. डोंगराकडून येणारं पाणी केव्हाच आटलं होतं. गिरणीच्या वर ओढा म्हणजे नुसते गोटे, आणि गिरणीच्या खाली जे काही वाहत होतं ते तिच्या हौदातून निघालेलं. त्या पाण्यावर खाली भाजीचे वाफे होते, जनावरं होती, आणि वळणावर एका बाईची रोपवाटिका होती. पाणी सोडलं नाही तर ते सगळं सुकणार होतं आणि असलं सोडलं तर जळणार होतं. आता पाणी साठवण तळ्याकडे वळवायचं, एवढंच हातात होतं. तळं म्हणजे काही समुद्र नव्हे.

वरच्या केबिनमध्ये गिरणीचे साहेब फोनवर होते. समोरच्या खुर्चीवर पाहुण्यांना दाखवायचे कापडाचे नमुने रचले होते. त्यांनी ते उचलले नाहीत, उचलायला सांगितलंही नाही. ती उभीच राहिली. बुटांचा चिखल गालिच्यावर पडू नये म्हणून टाचा उचलून उभी राहिली.

तिने बाटलीतलं पाणी टेबलावर ठेवलं. साहेबांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि हे तर पहिल्यांदाच पाण्यासारखं दिसतंय, असं म्हणाले. ती सांगू लागली. हौदात कुणीतरी ब्लीच ओतलंय, भरपूर ओतलंय. रंग गेला, पण आतले जीवही गेले. आता जे पाणी येईल ते लाल आलं तर लाल जाईल, निळं आलं तर निळं, आणि पोटात ब्लीच घेऊन जाईल. दुसरीकडून जिवंत गाळ आणावा लागेल, तो वाढवावा लागेल. तीन आठवडे तरी. तोवर रंगाई बंद ठेवायला हवी.

"दोन महिने तुम्ही रंग जात नाही म्हणून रडत होतात," साहेब म्हणाले. "आता रंग गेला तर जीव गेले म्हणून रडता."

ते हसले मात्र नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. परवा माल घेणारे मोठे पाहुणे गिरणी बघायला येणार होते. त्यांना यंत्रं चालू दिसायला हवीत. यंत्रं बंद दिसली की काम दुसऱ्या गिरणीकडे जाणार, आणि काम गेलं की संध्याकाळची अख्खी पाळी घरी बसणार. यात खोटं काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. त्या पाळीतल्या बायका तिच्याच गल्लीत राहत होत्या. शेवटी ठरलं ते असं, की गडद रंगाची यंत्रं थांबवायची, फिक्या रंगाची चालू ठेवायची, पाणी तळ्यात घ्यायचं आणि गाळाचा टँकर मागवायचा. तळं भरल्यावर काय, असं तिने विचारलं. साहेब म्हणाले, मग बघू.

ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"आणि हे कुणी केलं ते शोधा. मला एक नाव हवंय. पाहुण्यांनी विचारलं तर माणसाला काढून टाकलं म्हणून सांगता आलं पाहिजे."

दुपारी शहराच्या मैलापाण्याच्या केंद्रातून जिवंत गाळाचा टँकर आला. नव्या जिवांना खाणं म्हणून आसपासच्या गोठ्यांतून शेण आणलं होतं, पिंपात गूळ भिजत घातला होता. शेणाच्या पाट्या पायऱ्या चढून हौदावर न्यायच्या, पाण्यात कालवायच्या आणि धारेने सोडायच्या. थांबलेल्या यंत्रांवरची माणसं मदतीला दिली होती. त्यातला निम्मा वेळ त्यांचा नाकाला फडकं बांधण्यात आणि एकमेकांना ढकलण्यात जात होता. ती स्वतः पिंपात हात घालून गुळाचे खडे फोडत होती. सोलवटलेल्या तळहाताला गुळाचं पाणी झोंबत होतं. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती मधूनच हात पाठीमागे नेऊन पदर ओढल्यासारखं करायची.

पाळी संपल्यावर तिचा नवरा आला. तो ब्लीचिंग खात्याचा मुकादम होता. गिरणीत तोही तिला सगळ्यांसारखा मॅडमच म्हणायचा, आणि लोकांना त्याची फार गंमत वाटायची. "मॅडम, सरका," एवढं म्हणून त्याने तिच्या हातातली पाटी घेतली आणि वर चढला. मग दुसरी, मग तिसरी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कपडे बदलायलाही तो थांबला नव्हता. मुकादम, घरी एवढी कामं करता का हो, असं एकाने खालून विचारलं. एरवी याला उत्तर दिल्याशिवाय त्याला पाणी गोड लागलं नसतं. आज तो नुसता पायऱ्या चढत राहिला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

तिला तेव्हाच कळलं असावं. पण कळलेलं तिने तसंच बाजूला ठेवलं, कारण टँकरची नळी अजून रिकामी व्हायची होती.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन खोल्या आणि मागे नळ. सासूबाईंनी दोघांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि बादली पुढे सरकवली.

"दोघंही शेणात लोळून आलात," त्या म्हणाल्या. "जोडा मात्र शोभतोय."

अंघोळी झाल्या. ताटं मांडली. त्याने भात कालवला आणि कालवतच बसला. सासूबाईंनी वाढायला हात पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "मी केलं ते."

तिने घास खाली ठेवला. सासूबाईंनी एकदा लेकाकडे, एकदा सुनेकडे पाहिलं.

तो ताटाकडे बघत सांगू लागला. ती झोपेतसुद्धा रंग रंग म्हणून बडबडत होती. मागच्या आठवड्यात ताटावर बसून रडली होती. पाहुणे येणार, पाण्याचा लाल रंग काही केल्या जात नाही, म्हणून. त्याच्या खात्यात ब्लीचची जुनी पिंपं पडली होती, मुदत संपलेली. कापडाचा रंग जन्मभर त्यानेच घालवला होता. कापडाचा जातो, तर पाण्याचा का जाणार नाही? संध्याकाळी पाळी बदलताना दोन गडी घेतले आणि पिंपं हौदात उपडी केली. डोळ्यांदेखत रंग गेला.

"सकाळी तू बघशील," तो म्हणाला, "आणि जरा हसशील, असं वाटलं."

त्याने कालवलेला भात पुन्हा कालवला. मग सासूबाईच बोलल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, याने तुला कधी पाण्याचा तांब्या उचलून दिला नाही. आणि मदतीची बुद्धी झाली ती अशी."

तिला राग यायला हवा होता. पण अंगात राग धरण्याइतकं बळच नव्हतं. तिच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण हौदाची रडकथा घेऊन घरी येत राहिलो. आज वास बरा नाही, आज फेस आला, आज साहेब बोलले. पण त्या पाण्यात काही जगतं, त्याला आपण पोसतो, हे तिने नवऱ्याला एकदाही सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. दिवसभर एकाच छपराखाली असतो म्हटल्यावर सांगायचं काय, असं दोघांनाही वाटलं असणार.

"साहेबांना सांगणार?" त्याने विचारलं.

"नाव मागितलंय त्यांनी."

"मग?"

"आधी जेवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदाला मातीचा वास नव्हता, पण टोचणारा वासही कमी झाला होता. आजारी माणसाने कूस बदलावी, एवढंच. तिने गुळाचं पाणी सोडलं आणि तळ्यावर गेली. पाणी काठाच्या दगडांपर्यंत आलं होतं. वर गुलाबी साय धरली होती. पलीकडे तारेच्या कुंपणाला धरून रोपवाली उभी होती. दोन रिकामे डबे पायाशी ठेवलेले. ती हिला पाणीवाल्या बाई म्हणायची. खाली सगळेच म्हणायचे.

ओढ्यात पाणी नाही, बाई, असं ती म्हणाली. तक्रार केल्यासारखी नव्हे, आज ऊन आहे म्हणावं तशी. हिने सांगितलं, हौद आजारी आहे, म्हणून बंद ठेवलंय. रोपवालीने तळ्याकडे, त्यावरच्या सायीकडे पाहिलं आणि हे भरल्यावर कुठे जाणार, असं विचारलं. हिने कोरड्या ओढ्याकडे मान वळवली.

"मागं एकदा असंच झालं होतं," रोपवाली म्हणाली. "कुणी सांगितलं नाही. सकाळी पाणी घातलं, दुपारपर्यंत पानं कागदासारखी. टोमॅटो, वांगी, सगळं. ज्यांनी रोपं सांगून ठेवली होती ते दारात येऊन मलाच बोलले." तिने तारेवरचा हात बदलला. "सोडू नका, असं मी कशी म्हणू? तुमच्या हातात किती आहे ते मला दिसतंय. मला फक्त आधी सांगा. रोपं दोन दिवस तहानलेली राहतात. भाजलेली राहत नाहीत."

"सोडायच्या आधी मी स्वतः येऊन सांगेन."

"स्वतः?" रोपवाली जराशी हसली. "मोठ्या लोकांचं स्वतः म्हणजे शिपाई असतो, बाई."

"मी येईन," ती म्हणाली.

तिने पंपवाल्याला सांगून पिण्याच्या पाण्याच्या नळावर दोन्ही डबे भरून दिले. तारेवरून उचलून पलीकडे देताना खांदा भरून आला. रोपवाली डबे घेऊन निघाली, थोडं चालायची, खाली ठेवायची, हात बदलायची. एवढ्या पाण्यात एखादा वाफाही भिजला नसता.

पाहुणे आले त्या दिवशी तिला भांडारातून नवं पिवळं जाकीट दिलं. त्याच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. शेवटच्या टाकीत आदल्या संध्याकाळीच ताजं पाणी भरून ठेवलं होतं. ती टाकीजवळ उभी राहिली. पाहुण्यांनी वाकून तळातली चकती बघितली, फोटो काढले, तिच्याशी हात मिळवले. सोलवटलेला हात दाबला गेला तेव्हा तिने तोंडावरचं हसू ढळू दिलं नाही. त्यातल्या एकाने विचारलं, खाली हे पाणी कुणी वापरतं का. साहेब म्हणाले, थोडी झाडं आहेत. ती काही बोलली नाही. जाकिटाच्या आत घाम पाठीवरून ओघळत होता, आणि या न बोलण्याचं ओझं घामापेक्षा जास्त होतं.

जेवणं आटोपून पाहुणे गेले. तळ्याचं पाणी काठावरून आता सांडेल की मग, असं झालं होतं. साहेबांनी तिला वर बोलावलं. या वेळी खुर्ची रिकामी होती, आणि बसा म्हणाले. ती बसली. गुडघे बसल्याबरोबर दुखायला लागले.

ऊन उतरल्यावर झडप उघडायची, साहेब म्हणाले. काठावर कोणी नसतं तेव्हा. जमेल तेवढं ताजं पाणी बरोबर सोडायचं. काम मिळालंय, उद्यापासून सगळी यंत्रं हळूहळू चालू होतील. तीन आठवड्यांत तुमचा हौद उभा राहील, तोवर असं दोन-तीनदा करावं लागेल. कुणाला सांगत बसू नका.

"मी खाली शब्द दिलाय," ती म्हणाली. "आधी सांगेन म्हणून."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सांगितलंत की लोक फाटकावर येणार. पहिला प्रश्न विचारणार, कुणी केलं. मग मला नाव द्यावं लागेल." त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. "त्या पाळीतले दोघे परवाच माझ्याकडे येऊन गेलेत, मॅडम. मला नाव माहीत आहे. तुमच्या घरातला प्रश्न आहे म्हणून मी गप्प बसलोय. तुम्हीही बसा. एवढंच म्हणतोय."

खिडकीतून तळं दिसत होतं. उन्हात गुलाबी चकाकत होतं. लांबून बघणाऱ्याला सुंदर वाटलं असतं.

ती उठली. येते, म्हणाली. कुठे ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. जिन्यावरून उतरताना तिने कठडा धरला. घरात दोन पगार होते, त्यातला एक जाणार. या वयात त्याला दुसरी गिरणी कोण देणार? आणि ज्याने ब्लीच ओतलं तो म्हणून नाव झालं की इथली कुणीच देणार नाही. तिचा स्वतःचा तरी पगार राहील की नाही, कुणास ठाऊक. हे सगळं एकेका पायरीला एकेक तिच्या ध्यानात येत गेलं, आणि तरी पाय खालीच जात राहिले.

ब्लीचिंग खात्यात वाफ दाटली होती. तो रोलरमध्ये अडकलेलं कापड सोडवत होता. तिला बघून त्याने यंत्र थांबवलं आणि हात पुसत बाजूला आला. तिने थोडक्यात सांगितलं. साहेबांना नाव कळलंय. आज ऊन उतरल्यावर झडप उघडणार. आणि सोडायच्या आधी सांगेन, असा शब्द तिने खाली दिलाय. गप्प बसलं तर नोकरी राहील.

"शब्द कुणाकुणाला दिलास?"

"एकीलाच."

"एकीला म्हणजे सगळ्यांनाच झालं."

"हो."

त्याने पुन्हा हात पुसले. मागे वाफ फुसफुसत होती. कापड सोडवायला दुसरा गडी वाकला तर त्याने त्याला हाताने थांबवलं, बोटं सांभाळ म्हणाला. मग पुन्हा तिच्याकडे वळला.

"आईला काय सांगायचं?"

"आई ऐकूनच बसल्यात सगळं."

"तेही आहे." त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, झटकलं, घडी घातली, पुन्हा झटकलं. मग ते तिच्यापुढे धरलं. "ऊन फार आहे. डोक्याला बांध."

तिने फडकं घेतलं. त्याला ब्लीचचा वास होता. ते डोक्याला गुंडाळून ती मागच्या दाराने बाहेर पडली. तळ्याच्या बाजूने जाताना पंपवाल्याने लांबूनच विचारलं, मॅडम, कुठे? तिने हाताने खाली ओढ्याकडे दाखवलं. कुंपणाच्या तारेत जिथे फट होती तिथून ती वाकून पलीकडे गेली. जाकीट तारेला अडकलं. तिने ते सोडवत बसण्यापेक्षा अंगातून काढलं आणि तिथेच तारेवर राहू दिलं.

ओढ्याच्या पात्रात गोटे तापले होते. दोन्ही काठांवर पाण्याची जुनी खूण होती, बरीच वर, आणि खाली नुसता भेगाळलेला चिखल. रोपवाटिका वळणापलीकडे होती. इथून दिसत नव्हती. ती काठाने चालू लागली, सावकाश, जड बुटांनी, पाणी यायच्या आत पोचायचं म्हणून न थांबता.